आत्या, ‘मिळाला’ म्हण वं!

वाकटोली, ता. पारशिवनी
३ नोव्हेंबर २०२५

चि. प्रशिक,
जय भीम.

कागदावरचं पत्र पाहून घाबरू नको, घरचे सगळे धडधाकट आहेत. फोनही धडधाकट आहे, आणि तोच तर त्रास आहे. त्याला मी गव्हाच्या कोठीत पुरून ठेवला आहे. आता तुझ्याशी बोलायचं तर देवाजीच्या दूध टँकरशिवाय सोय नाही. तो रोज सकाळी इथलं दूध घेऊन हिंगण्याला तुमच्या प्लांटवर येतो, त्याच्याच हाती हे पत्र देते.

आमच्या महिला दूध संस्थेत तू ते नवं काम चालू केलंस, चांगलंच केलंस. बाईनं केंद्रावर दूध घातलं, मशीननं फॅट मोजलं, की लगेच फोनवर निरोप. साऱ्या बायांनी माझाच नंबर दिला, तेही ठीक. मी लिहिणारी-वाचणारी, घरी रिकामी. पण बाबा, एक निरोप किती वेळा पाठवायचा? आज सकाळपासून ‘पंचफुला भिमटे, म्हैस, फॅट ६.८’ हे मी इतक्यांदा वाचलं की रात्री झोपेत बडबडीन. एक निरोप वाचून खाली ठेवावा तर तोच परत. पंचफुला मला विचारते, “काहून वं यमुबाई, इतक्यांदा निरोप म्हणजे माही म्हैस इतक्यांदा दूध देऊन राहिली का?” म्हशीलाही ऐकून धाप लागली असेल.

परवा दुपारी तर फोन खाटेवरून स्वतःच सरकत सरकत खाली पडला. मांजर दोन दिवस घरात यायला तयार नाही.

हे काय आहे, आणि ते बंद कसं करायचं, ते कळव. सोबत चिवडा पाठवते आहे. देवाजीने वाटेत खाल्ला नाही तर पोहोचेल.

तुझी आत्या,
यमुना

•

हिंगणा
५ नोव्हेंबर

प्रिय आत्या,
जय भीम.

पत्र मिळालं. चिवड्याची पिशवी मिळाली.

घाबरण्यासारखं काही नाही. तुला नीट समजावतो. केंद्रावरच्या मशीननं फॅट मोजलं की तो आकडा कॉम्प्युटरमधून निघतो. वाटेत त्याची तपासणी होते, त्याला बाईचं नाव जोडलं जातं आणि त्याचा निरोप तयार होतो. या साऱ्या वाटेला आम्ही पाइपलाइन म्हणतो. ती निरोप आणून एका रांगेत उभा करते. रांगेच्या तोंडाशी एक प्रोग्रॅम बसवला आहे, तो एकेक निरोप उचलून फोनवर पाठवतो. आता महत्त्वाचं ऐक: निरोपाच्या खाली ‘मिळाला’ असं हिरवं बटण आहे. ते दाबलं की निरोप रांगेतून पुसला जातो. पाच मिनिटांत दाबलं नाही, तर सिस्टीमला वाटतं की निरोप वाटेत हरवला. मग ती तोच निरोप परत रांगेत लावते. ही तिची चूक नाही, हुशारी आहे. एकही निरोप वाया जाऊ नये म्हणून मीच तसं सेटिंग केलं आहे.

म्हणजे तू बटण दाबत नाहीस. दाबत जा. एवढंच.

तुमच्याकडे नेटवर्क कच्चं आहे, म्हणून निरोप उशिरा पोहोचत असतील, असाही माझा अंदाज आहे. त्यावर उपाय केला आहे. आता पाच मिनिटं थांबणार नाही, दोनच मिनिटांत परत पाठवेल. तुला फरक जाणवेल.

आत्या, एक गोष्ट बाबांना सांगू नको. माझी इथली नोकरी कराराची आहे आणि करार या महिन्याअखेर संपतो. आमच्या साहेब सोनिका मॅडम आहेत. त्यांनी सांगितलं आहे, वाकटोलीत महिनाभर नीट चाललं तर हे सगळ्या गावांत लावू आणि तुला कायम करू. नाही तर पुण्याहून तयार सिस्टीम आणू. म्हणजे मी परत कन्हानला, काकांच्या दुकानात मोबाइलची कव्हरं विकायला. तू फक्त ‘मिळाला’ म्हण वं. हात जोडतो.

तुझा,
प्रशिक

•

वाकटोली
८ नोव्हेंबर

चि. प्रशिक,

फरक जाणवला. कोठीतले गहू गरम झाले आहेत.

आता तूही माझं ऐक. निरोप कोणाचा? पंचफुलाचा. मग तो मिळायचा कोणाला? पंचफुलाला. माझ्या हातात आला म्हणजे तिला मिळाला का? मी तिच्या घरी जाऊन, तिच्या तोंडावर सांगेपर्यंत ‘मिळाला’ कसं दाबू? तीस वर्षं अंगणवाडी चालवली, एका पोराचं वजन कधी अंदाजानं लिहिलं नाही. आता म्हातारपणी तुझ्या हिरव्या बटणापायी खोटं बोलू?

म्हणून मी फोन कोठीतून काढते आणि घरोघर जाते. निरोप सांगितला, बाईनं मान हलवली, की तिच्यासमोर बटण दाबते. पण आपल्या गावची रीत तुला माहीत नाही, तू शहरात वाढलास. निरोप आणणाऱ्याला कोरडं पाठवत नाहीत. मयतीचा निरोप आणला तरी पाणी देतात, आणि हा तर दुधाचा. चहा घ्यावाच लागतो. चहा म्हणजे आधी चूल पेटते, मग घरात साखर आहे की नाही ते शोधतात, मग पोट्ट्याला दुकानात धाडतात. तोवर सासूचे गुडघे, सुनेचं माहेर. तुझी दोन मिनिटं तर चप्पल काढण्यात जातात. पंचफुलाकडे चहा उकळेपर्यंत रोशनीचा निरोप चार वेळा येऊन गेलेला असतो, आणि खुद्द पंचफुलाचाही, तिच्याच ओट्यावर.

दुसरी भानगड. गावात कळलं की निरोपांची रांग आहे. झालं! पंचफुला म्हणते, “केंद्रावर माह्यं दूध पहिलं लागते, मंग रोशनीचा निरोप माह्याआधी काहून आला?” रोशनी म्हणते, “तुमचा येऊन गेला न काकू, हा परतीचा होय.” काल केंद्रावर दोघींनी बकेटी खाली ठेवून भांडण केलं. कोणाचा निरोप कोणाच्या पुढे, याचा नियम काय तो मोठ्या अक्षरांत लिहून पाठव. भिंतीला चिकटवते.

गुळाच्या वड्या पाठवल्या आहेत.

आत्या

•

हिंगणा
११ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

नियम असा: जो आधी आला तो आधी. पण परत आलेला निरोप मागून लागतो. हे भिंतीला चिकटवू नको, भांडण वाढेल.

आता इथली हकीकत. मॅडमवर छाप पडावी म्हणून मी कंपनीच्या बसचा निरोपही त्याच रांगेत टाकला होता. ‘बस दहा मिनिटांत सुटणार’ असा निरोप पहिल्या पाळीच्या कामगारांना जातो. काल तुमच्याकडचे निरोप परत परत रांगेत लागत राहिले, आणि बसचा निरोप पंचफुलाच्या म्हशीच्या मागे उभा राहिला. बस निघून गेली. ती कामठी रोडला लागली असेल तेव्हा इथे शंभर लोकांचे फोन एकदम वाजले: ‘बस दहा मिनिटांत सुटणार’. सगळे डबे घेऊन गेटवर धावले आणि तिथे उभे राहिले. थोड्या वेळानं परत तोच निरोप आला. लोक परत सरसावले. गेटवरचा चौकीदार म्हणाला, “काय गा, बस येऊन राहिली का जाऊन राहिली?” शेवटी सगळे टमटममधून घरी गेले. आज कँटीनमध्ये माझ्या टेबलावर कोणी बसत नाही.

मॅडमनं भिंतीवरचा पडदा पाहिला. त्यावर रांगेची लांबी दिसते. पडदा लाल. त्यांनी एवढंच विचारलं, “प्रशिक, ये वाकटोली में चल क्या रहा है?” मी म्हटलं, “नेटवर्क, मॅडम.” तुझ्या चहाचं नाव काढायची माझी हिंमत झाली नाही.

म्हणून दोन विनंत्या. पहिली: बटण आधी दाब, मग फिरायला जा. हे खोटं बोलणं नाही वं, ते मशीनला सांगणं आहे. दुसरी: प्रत्येक बाईचा स्वतःचा नंबर गोळा करून पाठव. जिचा निरोप तिच्या फोनवर, जिचं बटण ती दाबेल. तुझा त्रास संपेल.

प्रशिक

•

वाकटोली
१७ नोव्हेंबर

चि. प्रशिक,

उत्तराला उशीर झाला. सवड नव्हती.

मशीनशी खोटं बोललेलं चालतं, असं तू लिहिलंस. तुझ्या आजोबांनी हे वाचलं असतं तर तुला उन्हात उभा केला असता.

नंबरांचं म्हणशील तर अडचण आहे. रोशनीचा फोन पाण्यात पडला. पंचफुलाला बटणं दिसत नाहीत. बाकीच्यांचे फोन माणसांकडे असतात. गरीब गाव आहे, बाबा. जसं चाललं आहे तसं चालू दे. मला कसला त्रास? गुडघे उलट मोकळे झाले.

एक गंमत लिहिते. तुला कांताबाई माहीत आहे का? माझ्या घराच्या मागे राहते. आमचं नऊ वर्षं बोलणं नव्हतं. तिनं माझा भात शिजवायचा मोठा गंज नेला आणि परत केला तो झाकणाशिवाय. झाकण तिच्याकडे आलंच नव्हतं म्हणते. असो. पण तीही केंद्रावर दूध घालते. तिचा निरोप आला, आता काय करू? गेले. पहिल्या दिवशी तिनं दाराआडूनच ऐकलं. दुसऱ्या दिवशी पाण्याचा गिलास ओट्यावर ठेवून आत गेली. तिसऱ्या दिवशी चहा आला, बिनसाखरेचा. मी बिनसाखरेचा पिऊन दाखवला, वर चांगला झाला म्हटलं. काल चहात अद्रक होतं, साखर दोन चमचे होती आणि ती स्वतः समोर बसली होती. म्हणाली, “यमुबाई, माह्या गायीचं फॅट कमी होऊन राहिलं, काय खाऊ घालू?” दोन तास बोललो. गायीवर फार थोडं.

तेवढ्या वेळात तिचा निरोप किती वेळा आला ते मी मोजलं नाही. फोन उशीखाली ठेवला होता.

तू घाई करू नको. चांगल्या कामाला वेळ लागतोच.

आत्या

•

हिंगणा
२१ नोव्हेंबर

आत्या,

देवाजी आज टँकर रिकामा होईपर्यंत माझ्याजवळ बसला होता. मी सहज म्हटलं, वाकटोलीत बायांकडे फोन नाहीत. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. म्हणाला, “कोण म्हणे भाऊ? त्या रोशनीनं काल म्हशीसंगं नाचतानाचा व्हिडिओ टाकला. म्या लाइक देल्लं. अन् पंचफुलाबाई तं मले फोन करते, टँकर कुठंशीक आला म्हणून!”

तू माझ्याशी असं का केलंस? मशीनशी खोटं बोलायचं नाही आणि भाच्याशी चालतं?

मॅडम शुक्रवारी, अठ्ठावीस तारखेला, स्वतः वाकटोलीला येत आहेत. मला सोबत नेणार नाहीत. मी इथे पडद्यासमोर बसून राहायचं, असा हुकूम आहे. त्या दिवशी रांग लाल दिसली तर विषय संपला. मी काकांना दुकानाबद्दल विचारून ठेवलं आहे. कव्हरांमध्ये सध्या चमकीवाली चालतात म्हणे.

नंबर गोळा कर. मी पुढे काही लिहीत नाही.

प्रशिक

•

वाकटोली
२६ नोव्हेंबर

चि. प्रशिकला कांताबाई रंगारीचा जय भीम.

माझी तुझी ओळख नाही. मी तुझ्या आत्याच्या मागच्या घरची. हे पत्र माझी सून लिहून राहिली आहे आणि देवाजीला सांगितलं आहे की ते तुझ्याच हातात द्यायचं. यमुबाईला कळू देऊ नको.

तुझ्या आत्यावर रागावू नको. तिचा काही दोष नाही. सारे निरोप आपल्या नंबरवर यावे असं तिनं म्हटलं नव्हतं, आम्हीच तिचा नंबर दिला. संस्थेच्या बैठकीत तू फॉर्म वाटले, आणि यमुबाई शिक्का आणायला घरी गेली, तेव्हा आम्ही साऱ्यांनी ठरवलं. बाई अंगणवाडीतून निवृत्त झाली आणि घरात बसली. बोलावलं तर म्हणे गुडघे दुखतात. हळदीला नाही, बारशाला नाही. अर्धं गाव तिच्या हातचा खाऊ खाऊन मोठं झालं, अन् ती एकटी टीव्हीसमोर जेवते. मी तर बोलू शकत नव्हती, आमचा झाकणाचा वाद. पंचफुला म्हणाली, “यमुबाई आपल्यासाठी नाई निघत. पण काम देल्लं तं निघन.” तशी ती निघाली.

तिनं घरोघर फिरून आमचे नंबर मागितले. आम्ही कोणीच दिले नाही. तुझी नोकरी त्यात अडकली आहे हे आम्हाला माहीत नव्हतं, ते तिनंच रडकुंडीला येऊन सांगितलं. तरी नाही दिले. तू म्हणशील, कशा बाया आहेत! पण पोरा, शुक्रवार येऊ दे. तुझ्या मॅडमचं आम्ही पाहून घेतो.

कांताबाई

ता. क. झाकण माझ्याकडेच होतं. तेही तिला सांगू नको. मी सांगीन.

•

वाकटोली
२९ नोव्हेंबर

चि. प्रशिक,

रागावला आहेस, तरी वाच.

हो, मी खोटं लिहिलं. घरोघर जायची सवय लागली होती, ती सुटेल म्हणून भ्याले. पण तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी नंबर मागायला निघाले. काय सांगू तुला? साऱ्या गावातून फोन नाहीसे झाले. रोशनी माझ्यासमोर फोन कानाला लावून उभी होती, आणि तोंडानं म्हणते, “फोन कुठं आहे वं आत्याबाई माह्याजोळ?” पंचफुलाच्या पदराआड फोन वाजत होता. ती म्हणे, पोटात गॅस झाला. मी पाया पडायची बाकी राहिले. कोणी नंबर दिला नाही.

मी काही उमजले नाही, असं समजू नको. पाठीमागे लाडू लपवून उभं राहिलेलं पोरगं मला फर्लांगावरून ओळखू येतं. पण मला कळलं आहे असं पोरांना तरी मी कुठे सांगत असे?

काल मॅडम आल्या. जीपमधून उतरल्या, हातात वही, डोळ्यांवर गॉगल. म्हणाल्या, “एक मेसेज कहाँ से कहाँ जाता है, मुझे साथ में चलके देखना है.” मी म्हटलं, चला. फॅट मोजलं, फोन वाजला, कांताबाईचा निरोप. आम्ही निघालो. कांताबाईनं चहा आणि पाटवड्या काढल्या. मॅडम म्हणाल्या, नको. कांताबाई म्हणाली, “मॅडम, निरोप आणणारा कोरडा गेला तं म्हशी दूध चोरतेत.” हे मीही पहिल्यांदाच ऐकलं. मॅडमनं खाल्लं. बटण मी त्यांनाच दाबायला लावलं.

पंचफुलाकडे तर्री-पोहे. रोशनीकडे आलूबोंडे, आणि वर म्हशीसोबत फोटो. त्यापुढच्या घरी मॅडमनं वही पिशवीत टाकली. त्याच्या पुढच्या घरी चपला हातात घेतल्या. फोन सारखा वाजत होता, त्या दचकून विचारत, “फिर से वही?” मी म्हणे, हो, तुमचीच मुदत आहे मॅडम, दोन मिनिटांची. मग एका ओट्यावर त्या खाली बसल्या आणि मला म्हणाल्या, “यमुनाजी, पूरा राउंड होने में कितना टाइम लगता है?” मी म्हटलं, दुपारच्या जेवणापर्यंत. “और कोई मेसेज छूट जाता है?” मी म्हटलं, आजवर एकही नाही, घरी कोणी नसलं तर मी शेतात जाते. त्यांनी डोळे मिटून घेतले. विचारात पडल्या की पोट दुखत होतं, ते मला कळलं नाही.

शेवटी कांताबाईच्या खाटेवर तासभर आडव्या झाल्या. जाताना जीपमध्ये ड्रायव्हरनं हात देऊन चढवलं. निर्णयाचं काही बोलल्या नाहीत. मी खिडकीशी जाऊन सांगितलं, “मॅडम, चूक माझी आहे. पोराला काढू नका.” त्यांनी मान हलवली, पण तेव्हा जीप खड्ड्यातून जात होती, म्हणून भरवसा धरता येत नाही.

काकांच्या दुकानात सामान हलवायला लागलं तर मी येते. गुडघे आता चालतात.

आत्या

•

हिंगणा
२ डिसेंबर

प्रिय आत्या,
जय भीम.

शुक्रवारी दिवसभर पडदा लालच होता. मी संध्याकाळी टेबल आवरून ठेवलं. मॅडम आल्या, लिंबूपाणी मागवलं आणि माझी खुर्ची ओढून माझ्याच कॉम्प्युटरवर बसल्या. वाकटोलीची मुदत दोन मिनिटांवरून दुपारी दोनपर्यंत केली. बसच्या निरोपाला वेगळी रांग लावायला सांगितली. आणि म्हणाल्या, “बाकी गावों में पुराने सिस्टम से मेसेज एक बार जाता है और कोई पढ़ता नहीं. तुम्हारे यहाँ एक भी नहीं छूटा. बस, तुम उसको टाइम ही नहीं दे रहे थे.”

काल पडदा हिरवा राहिला. तुझा शेवटचा ‘मिळाला’ दीड वाजता आला. वाकटोलीचा नंबर तुझाच राहील, तसं मॅडमनं लिहून दिलं आहे.

आणि मला कायम केलं आहे! काकांना कळवलं. ते म्हणाले, चमकीवाली कव्हरं मागवून बसलो आहे, आता ती कोण विकेल?

फक्त एक अट आहे. पुढचं गाव कन्हानच्या पलीकडचं. तिथे पहिले पंधरा दिवस मी पडद्यासमोर बसायचं नाही. निरोप माझ्या फोनवर येणार आणि मी पायी घरोघर न्यायचे. मॅडम म्हणाल्या, “सेटिंग करने से पहले चल के देखो.” सोमवारी निघतो. काही सूचना असतील तर लवकर कळव.

तुझा,
प्रशिक

•

वाकटोली
४ डिसेंबर

चि. प्रशिक,

देवाजीनं पत्र दिलं तेव्हा आम्ही पाच जणी कांताबाईच्या ओट्यावर होतो. मोठ्यानं वाचून दाखवलं. पंचफुलानं म्हशीलाही सांगितलं.

सूचना अशा. पहिल्या घरी अर्धाच कप घे, नाही तर चौथ्या घरी पंचाईत. चपला दाराच्या उजवीकडे काढ, डावीकडे कुत्रं असतं. सासूला आधी निरोप सांग, सून ऐकतेच. फॅट कमी आलं असेल तर ते खाल्ल्यानंतर सांगायचं, आधी नाही.

आणि कायम नोकरीचा पोरगा घरात आला म्हटल्यावर तुला विचारतील की लग्नाचं काय. कोणी भाची दाखवतील, कोणी नणंद. तेव्हा फोन वाजला असं म्हणून उठून यायचं, कोणाला राग येत नाही.

पण एखाद्या घरी फोन खरंच वाजला आणि उठावंसं वाटलं नाही, तर त्याला उशीखाली ठेव आणि दुसरा कप माग.

तुझी आत्या,
यमुना